मोजता मोजता बदलणारे रेणू

सुगंधी तेलाच्या तपासणी अहवालात ‘कर्झेरीन’ या घटकाचं नाव ठळकपणे दिसलं, की मला आधी एकच विचारावंसं वाटतं: यंत्र किती तापवलं होतं?

ही तपासणी ज्या पद्धतीने होते, त्या गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलाचा अगदी सूक्ष्म अंश २०० ते २५० अंश सेल्सिअसला तापलेल्या कप्प्यात सोडतात. त्याची तत्काळ वाफ होते, ती केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून जाते आणि एकेक घटक वेगळा होऊन आलेखावर आपलं शिखर उमटवतो. लिमोनीनसारखे रेणू ही धग सहज सोसतात. कचोऱ्याच्या जातकुळीतल्या वनस्पतींत आढळणाऱ्या फ्युरॅनोडाईनला मात्र ती सोसत नाही. त्याच्या रेणूत दहा कार्बन अणूंचं मोठं कडं असतं. उष्णता मिळाली की बंध जागा बदलतात, दहाचं कडं मोडून सहाचं होतं आणि कर्झेरीन तयार होतं. रसायनशास्त्रात याला ‘कोप पुनर्रचना’ म्हणतात. जर्माक्रीन-ए हा दुसरा वनस्पतिजन्य रेणूही याच वाटेने जाऊन बीटा-एलेमीन बनतो.

यात एकही अणू कमी-जास्त होत नाही. आधीही C₁₅H₂₀O, नंतरही तेच, रेणुभार २१६. रेणूचा भार आणि त्याचे तुकडे पाहून ओळख पटवणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असला तरी तो समोर आलेल्या कर्झेरीनला कर्झेरीनच म्हणणार. त्याची चूक नाही, बदल त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच झालेला असतो. कधी कधी हा बदल नळीतून जाताना होतो. मग फ्युरॅनोडाईन आणि कर्झेरीन यांच्या शिखरांमधली रेषा खाली न येता उंचावलेली राहते. अनुभवी नजर ही खूण लगेच ओळखते.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. तोच नमुना कप्प्याचं तापमान पायरीपायरीने कमी करत पुन्हा सोडायचा. फ्युरॅनोडाईनचं शिखर वाढत गेलं आणि कर्झेरीनचं तेवढंच घटत गेलं, तर दोष उष्णतेचा. अचूक प्रमाण हवं असेल तर वाफच टाळावी: द्रव क्रोमॅटोग्राफी (यात घटक वाफेऐवजी द्रवाबरोबर वाहून वेगळे होतात) किंवा एनएमआर (यात चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना पाहतात) ही दोन्ही कामं साध्या तापमानाला होतात. फ्युरॅनोडाईन अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे द्रव पद्धतीत ते चांगलं पकडता येतं. तुलनेसाठी लागणारा शुद्ध नमुनाही थंड जागीच ठेवावा लागतो.

अर्थात, तेल बाटलीत येण्याआधीच ऊर्ध्वपातनात वाफेने तापलेलं असतं. कॅमोमाइलच्या फुलात असतं रंगहीन मॅट्रिसिन. तेलाला गडद निळा रंग देणारं कॅमॅझुलीन त्यापासून वाफेतच तयार होतं. म्हणून प्रश्न वनस्पतीत काय आहे हा असेल, तर तेल न काढता थंड द्रावकातला अर्क तपासावा.