खुर्चीची गादी बदलणे

लाकडी खुर्चीचा सांगाडा तसाच ठेवून बैठकीचे कापड आणि फोम नव्याने चढवण्याचे काम. सोफ्याला कारागीरच लागतो. जेवणाच्या टेबलाची खुर्ची मात्र नवशिक्यालाही जमते, कारण तिची बैठक सुटी असते. खालचे चार स्क्रू काढले की हातात येते.

सांगलीत हे काम पुष्कळदा कृष्णेने अंगावर टाकलेले. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहरातल्या सखल भागांत घराघरात पाणी शिरले. सागवानी सांगाडा अशा पाण्यातूनही वाचतो, पण घाईने उन्हात टाकला तर सांधे उघडतात, सावलीत वाळवावा. पुरात बुडालेला फोम कितीही धुतला तरी गाळ आणि वास सोडत नाही. त्याचा मोह धरू नये.

सर्वांत वेळ जातो तो जुने रेक्झिन उसवण्यात. पिना चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटून पकडीने ओढायच्या. जुन्या खुर्चीतल्या गंजक्या चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, डोकी तुटतात. उरलेला तुकडा उपसत बसण्यापेक्षा हातोडीने आत बसवावा. खालचा काथ्या तपकिरीसारखा भुरभुरतो, नाकाला फडके बांधलेले बरे. उसवलेले कापड टाकू नये, नव्याचे माप त्यावरूनच मिळते.

१८ इंची बैठकीला २ इंच फोम, अर्धा इंच फळी आणि खाली वळवायला २ इंच, असे प्रत्येक बाजूला साडेचार इंच धरून २७ इंचांचा चौकोन लागतो. ५४ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, असे दोन मावतात. म्हणजे ४ खुर्च्यांना दीड मीटर. मोठी नक्षी असेल तर जुळवणीसाठी जास्त. फोम दुकानात ‘३२ चा’, ‘४० चा’ असा मागतात. हा आकडा एका घनमीटरच्या वजनाचा, किलोत. रोजच्या खुर्चीला ४० चाच घ्यावा, हलका लवकर बसतो.

कापड पालथे, त्यावर फोम, त्यावर फळी. पहिली पिन पुढच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी समोरासमोर मागे, मग डावी-उजवी, तिथून कोपऱ्यांकडे. एक बाजू पुरी ठोकून मग दुसरीकडे वळले की कापडाच्या रेघा हमखास तिरक्या जातात. कोपऱ्याचे टोक मध्याकडे ओढून पिन मारावी, उरलेल्याच्या दोन निऱ्या घालाव्यात. स्क्रूच्या भोकांत आधीच आगकाड्या खोचाव्यात, म्हणजे कापडाखालीही भोक चाचपून सापडते.