सरकारविषयीचा अविश्वास (मुंबई)

सरकारकडून आपले भले होणार नाही अशी खूणगाठ बांधूनही त्याच सरकारच्या शिक्क्यावर, दवाखान्यावर आणि नोकरीवर भिस्त ठेवण्याची वृत्ती. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ हे महाराष्ट्रभर म्हटले जाते. मुंबईत ते म्हणणारा बहुधा रांगेत उभा असतो. ‘सरकार’ या शब्दात इथे मंत्रालय, महापालिका, म्हाडा, रेल्वे असे सगळेच येते.

झोपडपट्टीत ही विसंगती डोळ्यांत भरते. पुनर्वसनात मोफत घरासाठी आधी १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागले. पुरावे कोणते, तर मतदार यादीतले नाव, रेशनकार्ड, लाइट बिल, फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र). त्यामुळे ‘सगळे चोर आहेत’ हे ज्या घरात रोज ऐकू येते, तिथेच त्या चोरांनी दिलेला कागद न् कागद साडीच्या पिशवीत जपलेला असतो. पावसाचे पाणी आत शिरले की आधी ती पिशवी माळ्यावर जाते, मग टीव्ही. मत देऊन काय होणार, असे म्हणणारी बाई यादीतून नाव उडू नये म्हणून सकाळीच मतदानाला जाऊन येते.

पक्क्या घरांतही वेगळे नाही. म्हाडाच्या सोडतीत ‘सेटिंग असतं’ हे ठाऊक असूनही अनामत भरली जाते, कारण बिल्डर पळून जाऊ शकतो, म्हाडा कुठे जाणार? गिरगावातला पागडीच्या (एकरकमी पैसे मोजून कायम भाड्याने घेतलेल्या) गाळ्यातला दुकानदार सरकारने धंद्यात नाक खुपसू नये असे तावातावाने सांगतो. त्याचे भाडे मात्र १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवल्यामुळेच नाममात्र राहिले. हा मुद्दा त्याच्यापुढे काढू नये.

या अविश्वासाला जुना इतिहास आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये रोग्यांना घरातून उचलून नेले जाऊ लागले, तेव्हा ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. ते आजचे कस्तुरबा. २०२० मध्ये करोना आला तेव्हा शहराने पहिली धाव तिथेच घेतली. परळच्या केईएमची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२६ मध्ये त्याच्यासोबत सुरू झालेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीला अट होती, की अध्यापक भारतीय असावेत आणि सरकारी सेवेतले नसावेत. पालिकेच्या या संस्थेला आता सगळे ‘सरकारी हॉस्पिटल’ म्हणतात, नाके मुरडतात, आणि खासगीत आकडा ऐकला की ‘केईएमलाच नेऊ’ म्हणून टॅक्सी वळवतात.

याला दुटप्पीपणा म्हणणे घाईचे ठरेल. राग असतो तो खिडकीमागच्या माणसावर, शिक्क्यावर नव्हे. त्या माणसाला वळसा घालायलाच एजंट, नगरसेवकाचे पत्र किंवा ‘आपला माणूस’ लागतो. हा आपला माणूस पुष्कळदा सरकारीच असतो.

नोकरीच्या बाबतीत तर अविश्वास पार विरघळतो. ‘पोरगा बीएमसीत चिकटला’ ही बातमी चाळीत पेढ्यांसह फिरते. पेढा खाणाऱ्यांचा पुढचा प्रश्न एकच असतो: कायम झाला का?