कच्चा आहार (मराठवाडा)

अन्न न शिजवता, न भाजता, फार तर ४० ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून खाण्याच्या पद्धतीला कच्चा आहार किंवा अपक्वाहार म्हणतात. फळे, पालेभाज्या, मोडाची कडधान्ये, भिजवलेले दाणे यांवर त्यात भर असतो. स्वित्झर्लंडमध्ये डॉ. मॅक्स बिर्खर-बेनर (१८६७–१९३९) यांनी त्याचा पुरस्कार केला. महात्मा गांधींनी १९२९ मध्ये हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला आणि प्रकृती साथ देईना तेव्हा थांबवला.

मराठवाड्यात कच्चे खाणे जुनेच आहे, पण ते भाकरीच्या जोडीने. त्याचा खरा हंगाम रब्बीचा. मार्गशीर्ष-पौषात हरभऱ्याचे ढाळे उपटून बांधावर बसल्या बसल्या घाटे सोलून खातात. सोलताना बोटांना आंब लागते, ओठ चुरचुरतात. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारी मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले म्हणजे ही आंब. पहाटे पिकावर स्वच्छ फडके फिरवून ती दवासकट टिपतात, पिळून बाटलीत भरून ठेवतात आणि पोटदुखीवर थोडी थोडी देतात.

घोळाणा हा या भागातला सर्वांत चांगला कच्चा पदार्थ म्हणावा लागेल. मेथी, करडई किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात बारीक चिरायची. मीठ, तिखट, शेंगदाण्याचे कूट घालून वरून कच्चे तेल सोडायचे आणि हाताने घोळायचे. पूर्वी हे तेल बहुधा करडीचे असे. कूट भाजलेल्या दाण्यांचे असल्याने काटेकोर अपक्वाहारात घोळाणाही बसत नाही. आगटीत भाजलेला हुरडा तर नाहीच, आणि वेळ अमावास्येला (मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सणाला) शेतात नेली जाणारी भज्जी म्हणजे मिश्र भाजी व ज्वारीच्या पिठाची आंबीलही शिजवलेलीच. ज्वारी हे मुख्य धान्य वगळून इथे पोट भरणे अवघड आहे. पावसाळ्यात वाळूक (काकडीचा एक प्रकार), पुढे बालाघाटातले सीताफळ, थंडीत बोरे, जालन्याची मोसंबी, उन्हाळ्यात केसर आंबा अशी फळांची साखळी असते. पण कोरडवाहू गावात चैत्र-वैशाखात हिरवा पाला मिळणे कठीण होते.

कच्च्या भाजीत क जीवनसत्त्व टिकते, चोथाही भरपूर मिळतो. उलट टोमॅटोतले लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर शरीराला अधिक लाभते. डाळी शिजल्याने पचायला सोप्या होतात. निव्वळ कच्च्या आहारावर दीर्घकाळ राहणाऱ्यांचा जर्मनीत अभ्यास झाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली. दूध-ताकही सोडल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव ठरलेलीच, त्याची गोळी घ्यावी लागते. गरोदर स्त्रिया व वाढत्या वयाची मुले यांना हा आहार देऊ नये. जेवणात रोज वाटीभर घोळाणा किंवा मोडाची मटकी मात्र जरूर असावी.

पाला मातीला टेकून वाढतो, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवावा. घाटेअळीसाठी फवारलेल्या शेतातले ढाळे औषधाच्या डब्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत खाऊ नयेत. रस्त्याकडेला जुडी घेताना शेवटची फवारणी कधी झाली, हे विक्रेत्याला विचारावे.