डिझेल मोटारीतील इंजिन ऑइल : पातळी तपासणे व भर घालणे

इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील ऑइलची पातळी डिपस्टिकने (खुणा असलेल्या मोजपट्टीने) पाहणे आणि ती उतरली असल्यास योग्य प्रतीचे ऑइल घालणे. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा तांबडा ऑइल-दिवा पातळी दाखवत नाही. तो दाब घसरल्यावर लागतो. तोवर टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगची झीज सुरू झालेली असू शकते. म्हणून दिव्यावर विसंबू नये, डिपस्टिक पाहावी.

गाडी सपाट जागी उभी करावी. गरम इंजिन बंद करून 5 ते 10 मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल चेंबरमध्ये उतरते. काही कंपन्या थंड इंजिनवर मोजायला सांगतात. तिथे गाडीची पुस्तिकाच प्रमाण. डिपस्टिक पुसून पूर्ण आत बसवावी आणि पुन्हा काढावी. पहिले माप धरू नये. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर खालची खरी, कारण नळीला लागलेले ऑइल पट्टीवर ओघळते.

किमान व कमाल खुणांमधले अंतर अनेक गाड्यांत सुमारे 1 लिटरचे असते. तरी एका वेळी 200 मिलिलिटरच घालावे, काही मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि कमाल खुणेच्या जरा खाली थांबावे. जास्त भरलेले ऑइल क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, घुसळतो. फेस होऊन दाब पडतो. डिझेल इंजिनमध्ये याहून मोठा धोका आहे: ब्रीदरवाटे (चेंबरमधील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) ऑइल हवेच्या मार्गात गेले तर इंजिन त्याच्यावरच चालू लागते आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही. जादा ऑइल काढल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

ऑइलच्या डब्यावरचा 5डब्ल्यू-30 हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. एप्रिल 2020पासूनच्या बीएस-6 (प्रदूषण-मानक) डिझेल गाड्यांत सहसा डीपीएफ हा काजळी-फिल्टर असतो. त्यांना पुस्तिकेत दिलेल्या मानकाचे, बहुधा एसीईए (युरोपीय वाहन-उत्पादकांची संघटना) हिच्या सी2 किंवा सी3 वर्गाचे, कमी राखेचे ऑइल लागते. दुसऱ्या ऑइलच्या राखेने फिल्टर कायमचा तुंबत जातो.

ऑइल काळे होणे हा दोष नव्हे, ती काजळी असते. न घालता पातळी चढली तर मात्र दुर्लक्ष करू नये. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफची सफाई (साठलेली काजळी जाळणे) अर्धवट राहते, त्यासाठी फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ते पातळ होते. अशा वेळी ऑइल बदलावे. ऑइल दुधाळ दिसले तर कूलंट शिरल्याची शक्यता असते. इंजिन सुरू न करता गाडी टो करून गॅरेजला न्यावी.