बेरजेची गिटार, गुणाकाराची गिटार

कॅनेडियन रॉक गायक-गिटारवादक नील यंगच्या १९७९ सालच्या ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ या अल्बमवर एकच गाणं दोनदा येतं. अल्बम उघडतो तेव्हा फक्त अकूस्टिक गिटार, हार्मोनिका आणि यंगचा तो कापरा, उंच आवाज असतो. अल्बम संपतो तोही याच गाण्याने, पण आता सोबत ‘क्रेझी हॉर्स’ हा त्याचा बँड आहे आणि इलेक्ट्रिक गिटार अशी गुरगुरते की शब्द तिच्यातून वाट काढत बाहेर येतात. दोन्हीकडे ए मायनर, चालही तीच. शब्दांत आणि नावात थोडा फरक.

ही जोडी ऐकवली की दोन मतं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘तेच गाणं, फक्त मोठ्या आवाजात.’ दुसरं, ‘अकूस्टिक हीच खरी कला, इलेक्ट्रिकमध्ये यंत्र वाजतं.’ मला दोन्ही मतं साफ चुकीची वाटतात, आणि दोन्ही एकाच कारणामुळे चुकतात. या दोन गिटारींमधला फरक आवाज किती मोठा हा नाहीच. एक गिटार स्वरांची बेरीज करते, दुसरी गुणाकार. यंगने सुमारे सहा दशकं ही दोन गणितं वेगवेगळी हाताळली आहेत, म्हणून त्याचं काम या विषयासाठी इतकं चांगलं उदाहरण आहे.

आधी बेरीज. ताणलेली तार एकटी जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक की हवेतून नुसती सरकून जाते, हवा ढकलत नाही. अकूस्टिक गिटारमध्ये तार ब्रिजला, म्हणजे ती ज्यावर टेकते त्या पट्टीला, हलवते, ब्रिज वरच्या पातळ लाकडी फळीला हलवतो आणि फळीचं मोठं क्षेत्रफळ हवेला धक्का देतं. खोक्यातली हवाही १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आसपास स्वतःहून घुमते, फळी साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. त्या दोन घुमाऱ्यांमुळे खालच्या स्वरांना ऊब येते. या सगळ्या साखळीत ऊर्जा येते ती फक्त बोटाच्या किंवा पिकच्या आघातातून. जितका आवाज बाहेर पडतो तितकी तार रिकामी होते. म्हणून अकूस्टिक गिटारचा स्वर जन्मतो तोच ओसरत. वादकाला तो धरून ठेवता येत नाही.

यंगच्या अकूस्टिक वादनाची घडण याच मर्यादेतून आली आहे असं मला वाटतं. त्याचा उजवा हात सतत चालू असतो. मधूनच तारांवर हात आपटून तो ताल देतो, कारण क्षणभर थांबलं तरी पोकळी जाणवते. आणि लांब, ताणलेले स्वर तो गिटारवर घ्यायला जातच नाही. ते तो गळ्यातल्या पट्टीवर बसवलेल्या हार्मोनिकाला देतो. हार्मोनिकाच्या पात्याला श्वासाची ऊर्जा अखंड मिळत राहते, त्यामुळे तिचा स्वर श्वास पुरेल तितका टिकतो. इलेक्ट्रिक आवृत्तीत हार्मोनिकाची ती जागा गिटारच घेते. तिथे ऊर्जा पुरवणारं दुसरंच काही आलेलं असतं.

अकूस्टिक गिटारच्या दोन तारा एकदम छेडल्या, तर फळी दोन्ही कंपनं एकावर एक रचते आणि हवेत सोडते. एका तारेमुळे दुसरीच्या वारंवारतेत फरक पडत नाही, नवा स्वर तयार होत नाही. कानाला दोन्ही वेगळ्या ऐकू येतात. पाच-सहा तारांची भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, वाजवली तरी प्रत्येक तार आपापल्या जागी स्वच्छ राहते. भौतिकशास्त्रात अशा व्यवस्थेला रेषीय म्हणतात.

आता ‘ओल्ड ब्लॅक’कडे येऊ. यंगची ही लाडकी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे १९५३ सालची गिब्सन लेस पॉल. मूळची सोनेरी, त्याच्याकडे येण्याआधीच कुणीतरी काळी रंगवलेली. ती त्याने जुन्या बँडमधल्या जिम मेसिना या सोबत्याकडून दुसऱ्या गिटारच्या बदल्यात घेतली. हिच्यात खोका नाही, भरीव लाकूड आहे, त्यामुळे ती चांगलीच जड असते. १९७१ साली पाठीच्या दुखण्याने त्याला इलेक्ट्रिक गिटार पेलेनाशी झाली होती, हे त्याने स्वतः सांगितलं आहे, आणि १९७२चा ‘हार्वेस्ट’ इतका अकूस्टिक का झाला याचं एक कारण तेच.

भरीव लाकूड तारेची ऊर्जा फारशी खात नाही. तारेखाली असतो पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हाच तो नियम. पिकअप हवेचा आवाज उचलत नाही, त्याच्यासमोरचा तारेचा तुकडा किती वेगाने हलतोय ते टिपतो. ब्रिजजवळच्या पिकअपला तारेची मोठी झुलती हालचाल कमी दिसते आणि बारीक, जलद कंपनं तुलनेने जास्त, म्हणून तिथला आवाज धारदार. ओल्ड ब्लॅकवर ब्रिजजवळ फायरबर्ड जातीच्या गिटारचा पिकअप बसवलेला आहे. तिच्या आवाजातली ती कापरी धार मुख्यतः तिथून येते.

पण इथवर सगळं अजून बेरजेचंच आहे. गुणाकार सुरू होतो अॅम्पमध्ये, म्हणजे ध्वनिवर्धकात.

यंगचा अॅम्प १९५९चा फेंडर डिलक्स आहे, दिसायला लहानसा, ट्यूबवर, म्हणजे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्यांवर, चालणारा. ट्यूबमध्ये तापलेल्या कॅथोडकडून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मधे एक जाळी असते. गिटारचा क्षीण दाब त्या जाळीवर दिला की ती इलेक्ट्रॉनांची वाट कमीजास्त मोकळी करते, आणि छोट्या चढउतारांची मोठी प्रतिकृती पलीकडे मिळते. ही झाली वृद्धी. मात्र प्रतिकृतीला दोन्हीकडून मर्यादा असते. वाट पूर्ण बंद झाल्यावर ती आणखी बंद होऊ शकत नाही, आणि पूर्ण उघडल्यावर आणखी उघडू शकत नाही. आवाजाची कळ वर नेली की लाट या दोन मर्यादांना भिडते आणि तिचे शेंडे चपटे होतात. हेच डिस्टॉर्शन. ट्यूबमध्ये हे चपटेपण हळूहळू येतं, एकदम कापल्यासारखं नाही.

चपट्या शेंड्यांचा अर्थ काय, ते शाळेतल्या बीजगणितात दडलेलं आहे. बाहेर येणारा दाब आत जाणाऱ्या दाबाच्या नुसत्या पटीत राहिला नाही, तर त्यात वर्गाचा भाग मिसळतो, घनाचा मिसळतो. दोन तारांची कंपनं क आणि ख धरा. अकूस्टिक गिटार देते क + ख. ट्यूब त्याच्या जोडीला थोडा (क + ख)² देते, आणि त्याचा विस्तार आहे क² + २कख + ख². क² मधून एका तारेचा दुप्पट वारंवारतेचा स्वर मिळतो. खरी गंमत २कख या पदात आहे. त्यात दोन तारांचा गुणाकार होतो, आणि दोन लाटांच्या गुणाकारातून त्रिकोणमितीच्या नियमाने दोन नव्या लाटा निघतात. एकीची वारंवारता दोघींच्या बेरजेइतकी, दुसरीची वजाबाकीइतकी. हे स्वर कुणी वाजवलेले नसतात. घनाच्या पदातून आणखी निघतात, पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा, दुसरीच्या दुपटीतून पहिली वजा, अशा.

आता आकडे घालून बघू. मोकळी ए तार ११० हर्ट्झची. तिच्याबरोबर तिचा पंचम, ई, म्हणजे १६५ हर्ट्झ. वजाबाकी ५५, बेरीज २७५. दुप्पट ए वजा ई, पुन्हा ५५. दुप्पट ई वजा ए, २२०. सगळे आकडे ५५च्या पटीत! नवे जन्मलेले स्वर एकाच माळेत बसतात आणि वाजवलेल्या ए तारेच्याही एक सप्तक खाली ५५ हर्ट्झचा स्वर हजर होतो. रॉकमधली पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसता षड्ज-पंचम, डिस्टॉर्शनमध्ये इतकी भारदस्त लागते ती यामुळे.

गिटारवरचा पंचम खरं तर १६५ नसून १६४.८१ हर्ट्झ असतो, कारण पडदे समान अंतराच्या सप्तकानुसार बसवलेले असतात. मग वजाबाकीचा एक स्वर ५४.८१ येतो आणि घनाच्या पदातला ५५.१९. दोघे एकमेकांवर घासून साधारण पावणेतीन सेकंदांत एकदा फुगतात आणि ओसरतात. लांब धरलेली पॉवर कॉर्ड श्वास घेतल्यासारखी वाटते त्यात या सूक्ष्म फरकाचा हात आहे.

मायनर कॉर्ड पूर्ण करायची तर मधला सी, १३०.८१ हर्ट्झचा, घ्यावा लागतो. तो ट्यूबमध्ये गेला की घोटाळा होतो. दुप्पट सी वजा ए म्हणजे १५१.६. हा आकडा डी आणि डी शार्पच्या जवळजवळ मधोमध पडतो. हा स्वर गिटारच्या कोणत्याही पडद्यावर नाही, आणि तो वाजत असलेल्या ई पासून अवघा तेरा हर्ट्झ दूर आहे. दुप्पट ए वजा सी येतो ८९.२, तोही एफ आणि एफ शार्पच्या फटीत. असे अनेक बेवारस स्वर एकमेकांवर घासतात आणि कॉर्ड गढूळ होते. अकूस्टिक गिटारवर अत्यंत हळवा लागणारा तोच सी इथे चिखल करतो. म्हणून ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’च्या इलेक्ट्रिक आवृत्तीत भार खालच्या तारांवर आहे, स्वर मोजके आहेत आणि मधे मोकळी जागा आहे. गाणं साधं झालं असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, वाजवलेले स्वर कमी झाले, ऐकू येणारे वाढले.

याच अॅम्पमध्ये आणखी एक गोष्ट घडते. जोरात आघात केला की अॅम्पला एकदम जास्त प्रवाह लागतो, आतला पुरवठा करणारा दाब क्षणभर खचतो आणि मग सावरतो. त्यामुळे आघाताचा शेंडा दबतो आणि मागची शेपटी वर येते. १९६९च्या ‘सिनॅमन गर्ल’मधला एकाच स्वराचा सोलो प्रसिद्ध आहे. एकच स्वर पुन्हा पुन्हा, तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक आघाताला दाबलेला अॅम्प वेगळं उत्तर देतो. यंगला या उत्तरांची इतकी पारख आहे की त्याने ‘व्हिझर’ नावाची पेटी बनवून घेतली. पायाने बटण दाबलं की ती पेटी अॅम्पची कळ प्रत्यक्ष फिरवते. वाटेत दुसरं उपकरण घालून आवाज कमीजास्त केला असता तर ट्यूबवरचा ताण हवा तसा बदलला नसता.

उरला फीडबॅक. स्पीकरमधून आलेली हवेची लाट गिटारला आणि तारेला हलवते, तार पिकअपला हलवते, पिकअप अॅम्पला, अॅम्प पुन्हा स्पीकरला. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का मिळावा तशी लाट तारेला गाठली तर तार थांबतच नाही. योग्य क्षण ठरतो तो गिटार आणि स्पीकर यांमधल्या अंतरावर. ११० हर्ट्झची लाट हवेत साधारण तीन मीटर लांब असते, तिचा चौथा उपस्वर चौपट वारंवारतेचा, ४४० हर्ट्झचा, म्हणजे सुमारे ७८ सेंटिमीटरचा. अर्धं पाऊल सरकलं की दुसराच उपस्वर जोर धरतो. स्टेजवर यंग अॅम्पसमोर वाकून डुलत असतो तेव्हा तो अभिनय करत नसतो, स्वर निवडत असतो. १९९१ साली त्याने ‘आर्क’ नावाचं ३५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण काढलं, ते बहुतांश अशाच फीडबॅकने आणि गाण्यांच्या शेवटांनी बनलेलं आहे. मी ते पूर्ण ऐकलं आहे आणि मला ते संगीत वाटतं.

या माणसाबद्दल इतकं प्रेम असूनही एका बाबतीत मी त्याच्या विरोधात आहे. २०१४ साली त्याने ‘पोनो’ हा संगीत वाजवणारा खिशात मावणारा प्लेअर आणला. लोकवर्गणीतून साठ लाखांहून अधिक डॉलर जमले. सेकंदाला १,९२,००० नमुने, म्हणजे लाटेची तितकी मोजमापं, घेतलेलं ध्वनिमुद्रण ऐकलं की सीडीत हरवलेला आत्मा परत मिळेल असा सूर होता. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचं, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यांतून परत उभं करता येतं. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. तरुण, निरोगी कानही २०,००० हर्ट्झच्या वर ऐकत नाही. गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर तर पाच-सहा हजारांच्या पुढे झपाट्याने गप्प होतो. जे स्पीकरने काढलंच नाही आणि कानाने ऐकलंच नसतं, ते साठवण्यासाठी पैसे मोजायला सांगणं हे विज्ञान नव्हे. आधीच्या मुद्रणात आवाज नको इतका दाबला असेल तर फरक जाणवतो, पण तो मुद्रण करणाऱ्याच्या कामाचा फरक, नमुन्यांच्या संख्येचा नव्हे. पोनो काही वर्षांत बंद पडला.

कानाचा खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तोही यंगच्याच आयुष्यात दिसतो. १९९१चा ‘क्रेझी हॉर्स’बरोबरचा दौरा आणि त्यानंतर त्या ध्वनिमुद्रणांवर केलेलं काम यांत त्याच्या कानांना इजा झाली, कानात सतत आवाज राहू लागला. पुढच्या वर्षी आलेला ‘हार्वेस्ट मून’ हळुवार आणि अकूस्टिक झाला, कारण त्याला मोठे आवाज नको होते, असं त्याने सांगितलं आहे. अंतर्कर्णातल्या शंखात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. हवेतलं कंपन मज्जातंतूंना कळेल अशा संकेतात त्या बदलतात. आवाज फार मोठा आणि फार वेळ झाला की त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास सोसतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं.