एनिअग्रामचं खरं वय

एनिअग्राम म्हणजे नऊ टोकांची एक आकृती आणि तिच्यावर मांडलेले माणसांचे नऊ स्वभावप्रकार. हे प्रकार म्हणजे सुफींचं हजारो वर्षांचं गुप्त ज्ञान, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. ही आकृती आध्यात्मिक गुरू गुर्जिएफ यांनी १९१६च्या सुमारास रशियात शिष्यांना दाखवली, पण त्यांच्या शिकवणीत स्वभावाचे नऊ प्रकार नव्हतेच. ते मांडले बोलिव्हियात जन्मलेल्या ऑस्कर इचाझो यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांच्याकडे १९७० मध्ये चिलीतल्या अरिका इथे शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ क्लाउदिओ नारांहो यांनी या मांडणीला मानसशास्त्राची जोड दिली. स्वतःकडे बघायला ही मांडणी मला आजही मोलाची वाटते. खोटं वय तिला कशाला हवं? प्रत्येक प्रकाराच्या मुळाशी एक विकार असतो. पहिल्याच्या राग, दुसऱ्याच्या गर्व, पाचव्याच्या लोभ. जुनं काही असेल तर हेच: चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती तपस्वी इव्हाग्रियस यांच्या आठ कुविचारांत हे तिन्ही सापडतात.