घरात घुमे, डब्यात भजनी

माझे काका नौपाड्यात राहतात. घरातल्या सगळ्यांच्या मते ते घुमे. सणावाराला पाहुणे जमले की ते पेपर घेऊन गॅलरीत जातात. कुणी हाक मारली तर 'हं' म्हणतात. भाजी कशी झालीय असं काकूंनी विचारलं तर 'मीठ आहे' एवढंच उत्तर. पंचवीसेक वर्षं आम्ही त्यांना असंच ओळखत होतो.

मग एकदा कॉलेजच्या कामासाठी मला सकाळी फोर्टात जायचं होतं. ठाण्याहूनच सुटणारी लोकल होती, धावत जाऊन मिळेल त्या डब्यात चढले. गाडी हलली तशी पलीकडच्या कोपऱ्यातून टाळ वाजायला लागले. मुलुंड येईपर्यंत अभंग रंगला होता आणि मधोमध उभा राहून, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून, मागच्यांना हाताने खुणा करत जो गृहस्थ सगळ्यांच्या पुढे गात होता, ते माझे काका होते. भांडुपला कुणीतरी मुलगा पास झाल्याचे पेढे वाटले. त्यावर काकांनी काहीतरी टोला हाणला आणि अर्धा डबा हसला.

संध्याकाळी मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसरं कुणी असेल."

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. मानसशास्त्र, तेही ठाण्यात, हे ऐकून जुन्या पिढीतली माणसं हमखास हसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे मनोरुग्णालय आहे आणि कुणाचं डोकं फिरलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायची पद्धत सगळ्या महाराष्ट्रात होती. मुलांची समजूतही फार वेगळी नसते. त्यांना फ्रॉइड हवा असतो, स्वप्नं हवी असतात, समोरच्याच्या मनातलं ओळखायची युक्ती हवी असते. मी मात्र दरवर्षी काकांपासून सुरुवात करते. घरातले काका खरे की डब्यातले? व्यक्तिमत्त्वाच्या शास्त्रात या प्रश्नावरून काही दशकं चांगलीच भांडणं झाली आहेत.

माणसांचे प्रकार पाडायची हौस फार जुनी. आपल्याकडे वात, पित्त, कफ. ग्रीकांकडे शरीरातले चार द्रव आणि त्यांवरून चार स्वभाव: आनंदी, तापट, उदास, थंड. मग फ्रॉइड आला. १९२३ मध्ये त्याने मनाचे तीन वाटेकरी मांडले. एक हट्टी पोरासारखा 'आत्ता हवं' म्हणणारा, एक घरातल्या वडीलधाऱ्यासारखा 'शोभत नाही' म्हणणारा आणि दोघांमध्ये तडजोड करत बसलेला तिसरा. वाचायला हे फार छान वाटतं. अडचण अशी की माणूस कसाही वागला तरी हा सिद्धांत त्याचं स्पष्टीकरण देऊ शकतो, आणि जो कधी चुकूच शकत नाही तो तपासायचा कसा? फ्रॉइडवर मी दोन तासांपेक्षा जास्त वेळ घालवत नाही. मुलं नाराज होतात.

त्यापेक्षा मला गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांचा खटाटोप जास्त आवडतो. हे दोघे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश घेऊन बसले आणि एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं दाखवणारे सगळे शब्द त्यांनी उतरवून काढले. १९३६ मध्ये यादी छापली तेव्हा ती जवळपास १८,००० शब्दांची होती. त्यातले सुमारे साडेचार हजार शब्द टिकाऊ स्वभावाचे होते. त्यामागचा तर्क साधा होता. माणसामाणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा असतो, त्याला लोक कधी ना कधी शब्द देतातच. वर्गात मी हाच खेळ मराठीत खेळते आणि फळा बघता बघता भरतो: खडूस, तिरसट, भोचक, लाघवी, धांदरट, हेकट, कुचका, मनमोकळा, चिकट, उतावळा, आतल्या गाठीचा. (वाईट शब्द नेहमी आधी येतात. दहा वर्षांत एकदाही याला अपवाद झालेला नाही.)

आता गंमत अशी की हे शब्द सुटे सुटे राहत नाहीत. ज्याला लोक बडबड्या म्हणतात त्याला बहुतेकदा माणसांत रमणाराही म्हणतात. जो धांदरट, तो सहसा वेळही पाळत नाही. कोणते शब्द एकमेकांचं बोट धरून येतात ते गणिताने शोधता येतं. रेमंड कॅटेलने त्यातून सोळा गट काढले. पुढे १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या टुप्स आणि क्रिस्टल यांना पुन्हा पुन्हा पाचच गट दिसले. लुइस गोल्डबर्गने १९८१ मध्ये त्यांना 'बिग फाइव्ह' हे नाव दिलं आणि ते चिकटलं. नव्या अनुभवांची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि पाचवा गुण म्हणजे मन चटकन ढवळून निघणं, काळजी करणं. या पाचव्याला पाठ्यपुस्तकात असा एक भयंकर प्रतिशब्द आहे की मुलांना तो आजारच वाटतो. तो आजार नव्हे. कमीअधिक प्रमाणात तो आपल्या सगळ्यांत असतो.

हे 'कमीअधिक प्रमाणात' नीट समजून घ्यायला हवं. पाच गुण म्हणजे पाच प्रकारची माणसं नव्हेत, त्या पाच पट्ट्या आहेत. उंचीची असते तशी प्रत्येक पट्टी सलग असते आणि बरीचशी माणसं मधल्या भागात सापडतात. अमुक सेंटिमीटरच्या वर उंच आणि खाली बुटका अशी रेघ आपण उंचीत मारत नाही, पण अंतर्मुख-बहिर्मुख अशी रेघ मात्र बिनधास्त मारतो. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणारे माझे माजी विद्यार्थी सांगतात की ऑफिसात ट्रेनिंगच्या दिवशी एक चाचणी भरून घेतात आणि प्रत्येकाला चार अक्षरांचा 'टाइप' मिळतो. रेघेच्या जवळ उभा असलेला माणूस महिन्याभराने तीच चाचणी देतो तेव्हा सहज पलीकडे जातो आणि त्याचा टाइप बदलतो. तरीही सगळ्यांना तो टाइप अगदी आपल्या मापाचा वाटतो.

तो तसा का वाटतो, हे बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. त्याचा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाला 'तुमचं' म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं आणि त्यातली वाक्यं फोररने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती. मी वर्गात याची मराठी आवृत्ती करते: 'तुम्ही वरून कणखर दिसता, पण जवळच्या माणसाचं बोलणं तुमच्या मनाला लागतं. तुमच्यात आहे तेवढं अजून बाहेर आलेलं नाही.' मुलं मान डोलावतात. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या दिवशी मलाच अपराधी वाटलं.

बिग फाइव्हच्या चाचण्या याहून खूपच भक्कम आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांतून असंही दिसतं की या गुणांत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. 'बापावर गेलाय' यात तथ्य आहे म्हणायचं. पण मग काकांचं काय? बहिर्मुखतेच्या पट्टीवर त्यांची खूण कुठे करायची?

नेमक्या याच दुखऱ्या जागी वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये बोट ठेवलं. समोरचा एक मार्शमेलो (मऊ, गोड खाऊ) लगेच न खाता थांबलात तर दोन मिळतील, हा लहान मुलांवरचा प्रसिद्ध प्रयोग करणारा तोच हा मिशेल. तोवरचं संशोधन चाळून त्याने दाखवलं की चाचणीत मोजलेला गुण आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातली प्रत्यक्ष वागणूक यांच्यातला सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत) फारच क्वचित ०.३ च्या वर जातो. या आकड्याचा वर्ग केला की ०.०९ येतो, म्हणजे वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्क्यांचा उलगडा स्वभावावरून होतो. त्याच्या हाताशी जुना पुरावाही होता. हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी १९२८ मध्ये हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची वेगवेगळी संधी देऊन पाहिली होती. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा, खेळातले आपले गुण आपणच सांगायचे, कोड्यातली नाणी परत करायची. एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागायचं. 'प्रामाणिक मुलं' आणि 'लबाड मुलं' अशा दोन रांगा काही लागेनात.

त्या काळातला सगळ्यात बोचरा प्रयोग मात्र डार्ली आणि बॅट्सन यांचा, १९७३ चा. प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० तरुणांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय होता बायबलमधल्या दयाळू वाटसरूची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळून खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थात संशोधकांनीच बसवलेला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. कोण किती धार्मिक आहे यावरून थांबणाऱ्याचा अंदाज येत नव्हता. दयाळू वाटसरूवर बोलायला निघालेला एखादा तर त्या माणसाला ओलांडून गेला.

ठाणे स्टेशनच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला हे आकडे परके वाटणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक बाई डोकं धरून बसल्या होत्या. मला परीक्षेच्या सुपरव्हिजनला पोचायचं होतं, गाडी लागलेली होती. मी गेले. घाटकोपरपर्यंत त्या बाई डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत, आणि दुपारी मी वर्गात डार्ली आणि बॅट्सन शिकवले.

त्या बाईंनी मला पाहिलं असेल तर काय म्हणाल्या असतील? 'कोरडी आहे मेली.' आणि मी स्वतःला काय सांगितलं? 'सुपरव्हिजन होती.' आपल्या वागण्याला परिस्थिती जबाबदार, दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव. दुसऱ्याला मोजताना परिस्थिती विसरण्याच्या या खोडीला ली रॉसने १९७७ मध्ये 'मूलभूत गुणारोपण दोष' असं नाव दिलं. घोडबंदर रोडला मध्येच घुसणारा रिक्षावाला माजोरडा असतो. आपण घुसलो तर मुलाची शाळा सुटलेली असते.

पण हा दोष खरंच इतका 'मूलभूत' आहे का? इथे आपला, म्हणजे भारताचा, संबंध येतो. जोन मिलर या संशोधिकेने शिकागोतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्यांच्या चांगल्यावाईट वागण्याची कारणं विचारली. ते निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आले. एक प्रसंग म्हैसूरच्या बाजूने आलेला होता. एक वकील मोटरसायकलवरून कोर्टात निघालाय, मागे एक जण बसलाय. मागचं चाक फुटतं, मागचा पडतो, त्याच्या डोक्याला मार लागतो. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो आणि कोर्टात निघून जातो. पुढे तो माणूस दगावतो. अमेरिकन लोकांनी जास्त वेळा वकिलाचा स्वभाव काढला: बेजबाबदार, स्वतःपुरतं पाहणारा. म्हैसूरच्या लोकांचं म्हणणं वेगळं होतं. कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तो गांगरला असेल, जखम किती खोल आहे हे त्याला कळलं नसेल. दोन्हीकडच्या आठ वर्षांच्या मुलांच्या उत्तरांत मात्र फारसा फरक नव्हता. फरक वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे माणसाकडे पाहायचा चष्माही आपण आजूबाजूच्यांकडूनच घेतो. आपल्या भाषेला या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. 'स्वभावाला औषध नाही' म्हणणारेही आपणच आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' म्हणणारेही आपणच.

मग मिशेल जिंकला का? तर नाही. १९८३ मध्ये फंडर आणि ओझर यांनी एक खवचट हिशेब मांडला. परिस्थितीची ताकद दाखवणारे गाजलेले प्रयोग त्यांनी घेतले, त्यात डार्ली-बॅट्सनचाही होता, आणि परिस्थितीचा प्रभाव मिशेलच्याच मापाने मोजला. तो आला ०.४ च्या आसपास. म्हणजे स्वभाव लंगडा असेल तर परिस्थितीही फार ताठ चालत नव्हती. त्याआधीच सीमोर एप्स्टीनने दाखवलं होतं की चूक मोजण्यात आहे. माणसाचा एक दिवस पाहून स्वभाव सांगता येत नाही, पण बऱ्याच दिवसांची सरासरी काढली तर ती चांगली टिकून राहते. शेअर बाजाराचा एक दिवस आणि दहा वर्षं यांत असतो तसा हा फरक.

मला सगळ्यात पटतं ते मिशेलने पुढे युइची शोदाबरोबर केलेलं काम. उन्हाळी शिबिरातल्या मुलांना त्यांनी सहा आठवडे पाहिलं, एकेका मुलाला दीडशेहून अधिक तास. दोन मुलं सरासरीने सारखीच भांडकुदळ, पण एक भांडायचं ते बरोबरीच्या पोरांनी चिडवलं की, मोठ्यांपुढे ते गरीब. दुसरं पोरांशी नीट, पण मोठ्यांनी दटावलं की उसळायचं. आणि हे 'असं झालं तर तसं' पुन्हा पुन्हा तसंच दिसायचं. सही आपली प्रत्येकाची वेगळी आणि ठरलेली, तसंच हे. सरासरी काढली की नेमकी तीच पुसली जाते.

काका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिले तीन महिने गॅलरीत पेपर, 'हं' आणि 'मीठ आहे'. चौथ्या महिन्यात त्यांनी रेल्वेचा पास काढला. आता सकाळी नेहमीच्या गाडीने, नेहमीच्या कोपऱ्यात उभे राहून ते सीएसएमटीपर्यंत जातात, स्टेशनाबाहेर एक चहा घेतात आणि रिकाम्या गाडीने परत येतात. उतरायचं काम काहीच नसतं. परवा काकूंना मी पुन्हा म्हटलं की एकदा माझ्याबरोबर चला, ऐका तरी.

"मी त्यांना चाळीस वर्षं बघतेय," काकू म्हणाल्या. "माणूस घुमाच."